जुनी फ्रेंच गादीची खुर्ची घ्यायची आहे? आधी ती उलटी करा

फ्रान्समध्ये राहायला आलेल्या मराठी घरांत पहिल्या वर्षी सगळं फर्निचर पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतं आणि स्क्रू पिळून उभं राहतं. मग एखाद्या रविवारी गावातल्या जुन्या बाजारात वाकड्या पायांची, फुलं कोरलेली, विटक्या मखमलीची एक खुर्ची दिसते. किंमत विचारावी तर सत्तर युरो. इथेच बहुतेक जण फसतात, आणि त्यात विक्रेत्याचा दोष असतोच असं नाही. सत्तर युरो ही फक्त लाकडाची किंमत असते. ती खुर्ची बसण्याजोगी करायला त्याच्या दहापट खर्च येऊ शकतो, हे नवख्याला माहीत नसतं. उलट, कापड फाटकं आहे म्हणून लोक ज्या खुर्चीकडे बघतही नाहीत, तिचाच सांगाडा पुष्कळदा सगळ्यात चांगला निघतो.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. पॅरिस, लियाँ किंवा नाँतमध्ये राहणाऱ्यांना तो थेट उपयोगी पडेल. बाकीच्यांना निदान फोटो बघून प्रश्न विचारता येतील.

बसणार कोण?

काळ, शैली, लाकूड हे सगळं नंतर. खुर्चीत कोण बसणार आणि काय करणार, हे आधी ठरवा.

ज्या खुर्चीच्या हातांखाली मोकळी जागा असते, म्हणजे ज्यातून आरपार दिसतं, ती फोतय. हातांखालची बाजूही गादीने बंद केलेली आणि बैठकीवर वेगळी, उचलता येणारी उशी असेल तर ती बेर्झेर. हा फरक पहिल्याच दिवशी पाठ करा, कारण बाजारात सगळे हेच शब्द वापरतात. फोतय हलकी असते, पाहुण्यांसाठी इकडून तिकडे सरकवता येते, पण त्यात माणूस ताठ बसतो. बेर्झेर ऐसपैस, दुपारभर वाचत बसण्याची. तिच्या पाठीला दोन्ही बाजूंनी कान असतील तर थंडीत झोत अडतो आणि डुलकीही चांगली लागते.

फोतयमध्ये पुन्हा दोन जाती. पाठ सपाट असेल तर ‘आ ला रेन’, किंचित आत वळलेली असेल तर ‘काब्रिओले’. अठराव्या शतकातल्या दिवाणखान्यांत सपाट पाठीच्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवत, तिथून त्या फारशा हलत नसत. काब्रिओले खोलीच्या मध्ये, गप्पांच्या घोळक्यात फिरायच्या. आजच्या छोट्या फ्लॅटला काब्रिओलेच सोयीची.

एकोणिसाव्या शतकातली व्होल्तेर ही उंच पाठीची खुर्ची असते आणि तिची पाठ कमरेपाशी पुढे येते. नाव तत्त्वज्ञ व्होल्तेरचं असलं तरी ती त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांनी प्रचारात आली. कंबरदुखीवाल्यांना माझी पहिली शिफारस हीच, आणि ती स्वस्तही मिळते. क्रापो म्हणजे भेक. लाकूड जवळजवळ दिसत नाही अशी ही बुटकी, गुबगुबीत खुर्ची तिसऱ्या नेपोलियनच्या काळातली. दिसते गोड, पण बैठक फार खाली असते. पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या आईबाबांना तिच्यातून उठवायला हात द्यावा लागेल. दुकानात जाताना टेप न्या आणि जमिनीपासून बैठकीची उंची मोजा. चाळीस सेंटिमीटरच्या फार खाली असेल तर वयस्क माणसांसाठी ती घेऊ नका.

त्याच टेपने घरचा दरवाजा, जिन्याचं वळण आणि लिफ्टही मोजून ठेवा. पॅरिसच्या जुन्या इमारतींतल्या लिफ्टमध्ये दोन माणसं कशीबशी मावतात, सत्तर सेंटिमीटर रुंदीची बेर्झेर तर मावतच नाही.

पाय बघा, काळ कळेल

शैलींचा अभ्यास वर्षानुवर्षं चालतो, पण कामापुरतं ओळखायला पाय पुरतात.

पाय कातीव आणि खाली आडव्या दांड्यांनी एकमेकांना जोडलेले असतील तर ती फ्रान्सच्या तेराव्या लुई राजाची धाटणी. पाठ उंच आणि खालच्या दांड्या नागमोडी वळणाच्या असतील तर चौदाव्याची. त्याच्या मृत्यूनंतर, १७१५ ते १७२३ या रीजन्सीच्या, म्हणजे राजप्रतिनिधीच्या कारभाराच्या, काळाच्या आसपास दोन बदल झाले. खालच्या दांड्या हळूहळू नाहीशा झाल्या आणि खुर्चीचे हात पुढच्या पायांच्या रेषेतून मागे सरकले. बायकांचे घागरे घेरदार झाले होते, त्यांना बसायला जागा हवी होती. फॅशनने सुताराला करवत चालवायला लावल्याची इतकी साधी खूण दुसरी सापडणार नाही.

पंधराव्या लुईची खुर्ची ओळखणं सर्वात सोपं: पाय इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले, चौकटीत सरळ रेषा औषधालाही नाही, पाठीच्या माथ्यावर आणि बैठकीच्या पुढच्या पट्टीवर छोटी फुलं. सोळाव्याच्या (१७७४ ते १७९२) खुर्चीचे पाय सरळ, खाली निमुळते, त्यांवर उभ्या खोबणी. पाय जिथे बैठकीला मिळतो तिथे एक चौकोनी ठोकळा आणि त्यात गोल फूल. पाठ पुष्कळदा लंबगोल. राजा गादीवर येण्याच्या आधीच, १७६० च्या दशकात, ही धाटणी सुरू झाली होती, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ असलेल्या खुर्च्याही दिसतात.

क्रांतीनंतर पाठीचा माथा मागे गुंडाळलेला आणि मागचे पाय तलवारीसारखे वाकलेले दिसतात. पहिल्या नेपोलियनच्या काळात जड महोगनी, सोनेरी कांस्याचे ठसे, हातांच्या टोकाला स्फिंक्स किंवा हंस. १८१५ नंतर मेपल, अ‍ॅश यांसारखी फिकट लाकडं आवडू लागली. १८५२ ते १८७० या दुसऱ्या साम्राज्यात लाकूड मागे पडलं आणि गादी पुढे आली: खोल बटणं, झालरी, गोंडे.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या धाटण्यांच्या नकला एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लाखोंनी झाल्या. रविवारच्या बाजारात दिसणारी ‘पंधराव्या लुईची’ खुर्ची बहुधा तुमच्या आजोबांच्या वयाची असते. त्यात वाईट काही नाही. १९०० च्या सुमारास अक्रोडाच्या लाकडात हाताने कोरलेली चांगली नक्कल रोजच्या वापराला अस्सल खुर्चीपेक्षा दणकट असते आणि तिच्यात बसताना जीव मुठीत धरावा लागत नाही. नवख्याने तीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त नकलेला नकलेचेच पैसे द्या.

पावतीवरचा एक शब्द

फ्रान्समध्ये यासाठी कायदाच आहे. ३ मार्च १९८१ च्या सरकारी हुकमाने कलावस्तू आणि जुन्या वस्तू विकताना कोणत्या शब्दाचा काय अर्थ धरायचा ते ठरवून दिलं. पावतीवर किंवा लिलावाच्या यादीत ‘एपॉक लुई १५’ असं लिहिलं असेल तर वस्तू त्या काळात घडली, अशी विक्रेत्याने दिलेली ती हमी असते. ‘स्तील लुई १५’ म्हणजे फक्त त्या धाटणीची, काल बनलेली असली तरी चालेल. तोंडी गप्पांत विक्रेता ‘अठरावं शतक, मॅडम’ म्हणत असेल तर हसून म्हणा, तेवढं पावतीवर लिहून द्या. पेन थबकलं तर उत्तर मिळालं. मोठी दुरुस्ती झालेली असेल, भाग बदललेले असतील, तर तेही लिहून घ्या.

घ्यायची कुठे? पॅरिसच्या वेशीवरचा सँ-त्वँचा बाजार शनिवार ते सोमवार जोरात असतो. डोळे तयार करायला तो उत्तम, खरेदीला महाग. शातूला वसंतात आणि शरदात भरणारी जत्रा, दक्षिणेत लील-स्यूर-ला-सोर्ग, सप्टेंबरच्या सुरुवातीला उत्तरेतल्या लील शहरात भरणारा ब्रादरी हा जुना बाजार ही मोठी ठिकाणं. स्वस्त माल मात्र गावोगावच्या व्हीद-ग्रनिएमध्ये, म्हणजे लोक आपले माळे रिकामे करतात तिथे, एमाऊस या धर्मादाय संस्थेच्या जुन्या सामानाच्या गोदामांत आणि ल बाँ क्वाँ या संकेतस्थळावर मिळतो. आजी-आजोबांचं घर विकायला काढलेली नातवंडं खुर्च्या अक्षरशः ‘घेऊन जा’ म्हणून देतात, कारण हे जड जुनं फर्निचर फ्रान्समधल्या तरुणांना नको आहे आणि त्याचे भाव गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चांगलेच उतरले आहेत.

लिलावाला जायला लोक उगाच घाबरतात. पॅरिसमधलं द्रुओ हे लिलावगृह १८५२ पासून चालू आहे. आत जायला तिकीट नाही आणि लिलावाच्या आदल्या दिवशी मांडलेला माल हात लावून बघता येतो. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हातोडा पडतो त्या बोलीवर खरेदीदाराचं शुल्क लागतं, साधारण २५ ते ३० टक्के. आणि लिलावात घेतलेली वस्तू ‘आवडली नाही’ म्हणून परत करता येत नाही.

आता उलटी करा

विक्रेत्याला विचारा, खुर्ची उलटी करू का? प्रामाणिक विक्रेता स्वतःच हात लावतो.

बैठकीखाली काळं पातळ कापड ठोकलेलं असेल तर ते धूळ अडवण्यासाठी असतं. त्याचा एक कोपरा सैल असला तर आत मोबाइलचा दिवा मारा. तागाच्या रुंद पट्ट्या उभ्या-आडव्या विणून ताणलेल्या दिसल्या की काम जुन्या पद्धतीचं. रबरी पट्टे किंवा नागमोडी तारा दिसल्या तर काम विसाव्या शतकातलं. पट्ट्यांच्या आत गोल स्प्रिंगा असतील तर त्या गादीचं काम एकोणिसाव्या शतकातलं किंवा नंतरचं, कारण गादीत स्प्रिंगा घालायची पद्धत साधारण १८३० च्या आसपास रुळली. सांगाडा मात्र त्याहून जुना असू शकतो. अठराव्या शतकातल्या अनेक खुर्च्यांत नंतर स्प्रिंगा कोंबल्या गेल्या, त्यामुळे बैठक फुगली आणि खुर्चीचा डौल बिघडला.

मग लाकूड. जुने सांधे खाच-कुशीचे असतात, म्हणजे एका लाकडाचं टोक तासून दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं आणि आडव्या लाकडी खुंटीने पक्कं केलेलं. हाताने तासलेली खुंटी अगदी गोल नसते आणि लाकूड आकसल्यामुळे केसभर वर आलेली असते. बोट फिरवलं की लागते. आतल्या न दिसणाऱ्या भागावर पटाशीचे, रंध्याचे ओबडधोबड व्रण असायला हवेत. ज्या बाजूला कोणी बघणार नाही ती बाजू घासूनपुसून गुळगुळीत करण्यात जुना सुतार वेळ घालवत नसे. आतल्या बाजूला करवतीच्या कमानदार रेघा दिसल्या तर ते लाकूड गोल करवतीने कापलेलं, म्हणजे यंत्रयुगातलं. चारही पायांवरचं कोरीव काम तंतोतंत एकसारखं असेल तरीही यंत्राचा संशय घ्या.

बैठकीच्या मागच्या किंवा पुढच्या पट्टीवर, खालच्या बाजूने, कधी कधी एक ठोकलेलं नाव सापडतं. पॅरिसच्या सुतारसंघाने उस्तादांना आपल्या नावाचा शिक्का मारण्याची सक्ती केली. नियम १७४३ मध्ये तयार झाला, १७५१ पासून अमलात आला आणि क्रांतीत, १७९१ मध्ये, संघच बरखास्त झाले. राजाच्या थेट सेवेतल्या कारागिरांना या नियमातून सूट होती, त्यामुळे शिक्का नाही म्हणजे खुर्ची खोटी, असं होत नाही. उलट शिक्का आहे म्हणून खरीच, असंही नाही. १७६५ मध्ये उस्ताद झालेला आणि महोगनीच्या खुर्च्या पॅरिसमध्ये आणणाऱ्या पहिल्या काही कारागिरांपैकी एक असलेला झॉर्झ झाकॉब, किंवा तिलियार, दलानुआ, सने अशी मोठी नावं बनावट शिक्क्यांसाठी सोयीची असतात. शिवाय दुरुस्ती करणारेही आपला शिक्का मारत.

खुद्द व्हर्सायचा राजवाडा फसला, हे सांगितलं म्हणजे नवख्याला धीर येईल. अठराव्या शतकातल्या म्हणून घेतलेल्या काही खुर्च्या या शतकात बनवलेल्या निघाल्या. प्रकरण २०१६ मध्ये उघड झालं आणि २०२५ मध्ये पाँत्वाझच्या न्यायालयाने या क्षेत्रातला नावाजलेला एक जाणकार आणि फोबूर सँ-तांत्वान या जुन्या सुतारपेठेतला एक कोरीव कारागीर, दोघांनाही दोषी ठरवलं. जुनं लाकूड वापरून, जुन्या पद्धतीने, उत्तम हात चालवून केलेलं काम होतं ते. तेव्हा पाचआकडी किंमत सांगणारी खुर्ची स्वतंत्र तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय घेऊ नका. सत्तर युरोच्या खुर्चीसाठी एवढा जीव कोणी काढत नाही.

कीड मात्र प्रत्येक खुर्चीत बघायची. फ्रेंच खुर्च्यांत बीचचं लाकूड खूप वापरलेलं असतं आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला ते भारी आवडतं. छिद्रं असणं हा गुन्हा नाही. शंभर वर्षांच्या लाकडाला ती असणारच. छिद्राची कड काळपट आणि आत धूळ असेल तर किडा कधीच उडून गेलाय. कड ताजी, फिकट असेल आणि खुर्ची ठोकल्यावर पिवळसर भुसा पडला तर घरात पाहुणे येतील. पाय आणि मागची पट्टी अंगठ्याच्या नखाने दाबून बघा. नख रुतलं तर लाकूड आतून पोकळ आहे, ठेवून द्या.

सरळ करून दोन्ही हात धरून खुर्ची तिरकी हलवा. सांधे सैल असतील तर सुतार ते सोडवून पुन्हा चिकटवतो, हे काम परवडतं. मागचा पाय बैठकीपाशी तडकलेला असेल तर परवडत नाही. मागच्या पायांचा अपघात सगळ्यात वाईट, कारण पाठीला रेलणाऱ्याचं सगळं वजन तिथे येतं. तिथे लोखंडी पट्टी स्क्रूने ठोकलेली दिसली तर किंमत निम्मी करा किंवा पुढे चला.

शेवटी वास घ्या, लाज वाटली तरी. मांजराने आणि ओलीने भिजलेला भराव कितीही उन्हात ठेवला तरी सुधारत नाही. आणि पॅरिसमध्ये ढेकणांचा विचार करावाच लागतो: शिवणी, गोट, खालच्या कापडाची कड, चुकांच्या, म्हणजे छोट्या खिळ्यांच्या, आजूबाजूला काळे ठिपके. दिसले तर किंमत कितीही असो, हात धुऊन घरी या.

खरा खर्च: तापिसिए

गादीकाम करणाऱ्या कारागिराला इथे तापिसिए म्हणतात. अठराव्या शतकात सांगाडा करणारा सुतार आणि गादी करणारा तापिसिए यांचे संघ वेगळे होते, आणि आजही खर्च त्याच दोन खात्यांत मांडायचा. जुन्या पद्धतीने एक काब्रिओले नव्याने करायला नुसती मजुरी ६०० ते १,००० युरोंपर्यंत जाते, बेर्झेरला त्याहून जास्त. कापड वेगळं. काम काय होतं ते समजलं की हा आकडा अन्यायाचा वाटत नाही.

आधी सगळं उचकटायचं, शेकडो चुका एकेक करून पटाशी आणि मोगरीने काढायच्या. मग तागाच्या पट्ट्या ताणून ठोकायच्या. स्प्रिंगा असतील तर त्या पट्ट्यांवर शिवून दोऱ्यांनी चारी बाजूंनी एकमेकींना बांधायच्या, म्हणजे बसल्यावर त्या सगळ्या मिळून दबतात. त्यावर जाड गोणपाट. त्यावर घोड्याचे केस पसरून दोऱ्याच्या फाशांत अडकवायचे, वर पुन्हा विरळ विणीचं कापड, आणि लांब सुईने आरपार टाके घालून कडेला एक घट्ट गोट उभा करायचा. हा गोट म्हणजे सगळ्या कामाची कसोटी. याच्यामुळे खुर्चीची धार वर्षानुवर्षं टिकते आणि मांडीखाली लाकूड टोचत नाही. मग केसांचा दुसरा थर, पांढरं कापड, कापसाचा पातळ थर आणि शेवटी तुम्ही निवडलेलं कापड. त्याच्या कडेला पितळी खिळे नाहीतर विणलेली पट्टी.

जुने केस फेकून देऊ देऊ नका. आपल्याकडे पिंजारी दारात येऊन जुन्या गादीचा कापूस पिंजून पुन्हा भरत असे, तसंच घोड्याचे केस धुऊन, पिंजून पुन्हा वापरता येतात, आणि नव्यापेक्षा वाईट अजिबात नसतात. काही खुर्च्यांत केसांऐवजी ताडाच्या पानांचा हिरवट धागा सापडतो. तो स्वस्त भराव, पण पहिल्या थराला चालतो.

स्वस्तातला पर्याय फोमचा. तापिसिए निम्म्या किमतीत फोम कापून कापड ओढून देईल. एकोणीसशे साठची नक्कल असेल तर खुशाल करा. पण ज्या खुर्चीत आधीपासून केसांचं काम आहे आणि ते शाबूत आहे, तिथे ते काढून फोम भरणं मला पटत नाही. फोम काही वर्षांत बसतो आणि पुढच्या माणसाला सगळं मुळापासून करावं लागतं. पुष्कळदा आतला गोट धडधाकट असतो. मग फक्त वरचं कापड बदलायला सांगा, खर्च खूप कमी होतो. दोघा-तिघांकडून लेखी अंदाज घ्या. त्यात भराव कशाचा, जुने केस वापरणार का, कापड कोणी आणायचं आणि किती मीटर, हे लिहिलेलं असावं. चांगले कारागीर काही महिन्यांनंतरची तारीख देतात.

स्वतः करून बघायचं असेल तर गावोगावच्या सांस्कृतिक केंद्रांत याचे वर्ग चालतात. सुरुवात हात नसलेल्या साध्या खुर्चीच्या बैठकीपासून करा. उचकटताना मास्क लावा आणि पटाशी लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवा, आडवी मारली तर पट्टीची कपची निघते. काढलेलं जुनं कापड जपून ठेवा, नव्याचा कागदी साचा त्यावरूनच कापायचा असतो. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. आणि जुन्या राखाडी किंवा पांढरट रंगाखाली ‘सुंदर लाकूड’ असेल म्हणून तो खरवडूही नका. बीचच्या खुर्च्या मुळातच रंगवण्यासाठी किंवा सोन्याचा वर्ख लावण्यासाठी घडवलेल्या असत. मूळ रंग गेला की निम्मं मोल गेलं.

कापड

काब्रिओलेला साधारण दीड-दोन मीटर लागतं, बेर्झेरला तीन किंवा जास्त. नक्षी मोठी असेल तर वाढवून घ्या, कारण पाठीवरचं फूल बरोबर मध्यावर यायला हवं. मखमलीची लव खाली वाहणारी हवी, उलटी लागली तर प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा दिसतो. दुकानात मार्टिनडेलचा आकडा विचारा. कापड किती घासल्यावर झिजतं त्याचं ते माप आहे, आणि रोज बसायच्या खुर्चीला २०,००० च्या खाली जाऊ नये.

फ्रेंच गादीच्या कापडात भारताचा हात मोठा आहे. सतराव्या शतकात आपल्याकडच्या छापील सुती कापडांनी फ्रान्सला इतकं वेड लावलं की देशी विणकरांना वाचवण्यासाठी १६८६ मध्ये त्यांवर बंदी आली. ती उठली १७५९ मध्ये. पुढच्याच वर्षी ओबेरकाम्फने व्हर्सायजवळ झुई-आँ-झोझास इथे छपाईचा कारखाना काढला, आणि एका रंगातल्या गुराख्या-मेंढपाळांच्या चित्रांचं ते प्रसिद्ध ‘त्वाल द झुई’ तिथलंच. तेव्हा सोळाव्या लुईच्या धाटणीच्या खुर्चीवर जाडसर भारतीय ठशाचं कापड लावायला कोणी नाकं मुरडली तर मुरडू द्या. पैठणी किंवा खण मात्र बैठकीवर नको. रेशीम घर्षणाने चिरतं, खणाचा पन्हा अरुंद. फारच हौस असेल तर पाठीच्या मागच्या बाजूला लावा, तिथे कोणाचं अंग घासत नाही.

विसाव्या शतकातल्या खुर्च्या

यांचे नियम वेगळे. १९२०-३० च्या दशकांतल्या चामड्याच्या क्लब खुर्च्यांवर बहुधा मेंढीचं कातडं असतं. ते मऊ असेल तर वर्षानुवर्षं टिकतं, पण वाळून भेगाळलं असेल तर कुठलंही क्रीम ते जिवंत करत नाही, आणि नवं चामडं चढवणं हा हजारांतला खर्च आहे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या फ्रेंच डिझायनर पिएर पोलँच्या ‘मशरूम’सारख्या खुर्च्या किंवा लीन्य रोझे कंपनीचा १९७३ चा तोगो सोफा यांचा सगळा आकारच फोमचा. तो फोम जुना झाला की चुरा होतो. बोटांनी खोल दाबा. परत वर आला नाही किंवा आत कुरकुर वाजली तर नवा फोम भरण्याचा खर्च धरूनच बोला. तोगोच्या नकला इतक्या आहेत की खालच्या कापडावरचं चिन्ह आणि मूळ पावती बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

घरी आणल्यावर

उचलताना हात धरून उचलू नका, बैठकीखालची चौकट धरा. रेडिएटरपासून लांब ठेवा. युरोपच्या हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी होते की सांधे सुटतात. कापडावर व्हॅक्युम चालवताना नळीच्या तोंडाला जुना मोजा बांधा, म्हणजे सैल धागा आणि पट्टी ओढली जात नाही. सोनेरी वर्खाला ओलं फडकं कधीच नाही, खालचा खडूचा लेप विरघळतो. लाकडाला वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात पुरे.

खुर्ची भारतात न्यायची असेल तर सामान बांधण्याआधी सीमाशुल्काच्या दलालाशी बोला. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंचं वर्गीकरण वेगळं होतं आणि त्यासाठी वय लिहिलेली पावती लागते, म्हणून ‘एपॉक’ शब्दाची ती पावती सांभाळा. आयातीचे कागदही जपा, कारण शंभर वर्षांवरची वस्तू पुन्हा देशाबाहेर काढायची तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा प्रश्न येतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात घोड्याचे केस ओल धरतात आणि बीचला भुंगेऱ्याबरोबर वाळवीही लागते. खुर्ची भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, पाय थेट ओल्या फरशीवर टेकू देऊ नका आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला ती उलटी करून खालचं कापड बघा. पुण्यात, नाशकात एवढी काळजी लागत नाही. तिथे उन्हाळ्यात खिडकीचा पडदा ओढलेला असला की पुरे, नाहीतर दोन वर्षांत मखमलीचा रंग एका बाजूने उडतो.